घरातली पहिली गाडी: तुमचे अनुभव लिहा

गेल्या रविवारी आमची मारुती ८०० दिली. १९९४ साली सांगलीत घेतलेली, पांढरी. पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी बाबा तिला नटवून आरटीओत न्यायचे आणि पासिंग करून आणायचे. आता त्यांचे गुडघे साथ देत नाहीत. न्यायला आलेला मुलगा सज्जन होता, व्यवहार चोख झाला. पण बाबांनी डॅशबोर्डावरचा गणपती काढला, तर त्याच्याखाली प्लॅस्टिकचा मूळ काळा रंग तसाच होता. बाकी सगळं उन्हानं पांढुरकं पडलेलं. त्या रुपयाएवढ्या काळ्या ठिपक्यावरून बाबा कितीतरी वेळ अंगठा फिरवत राहिले. आईनं गाडीला ओवाळलं. घरी आणली तेव्हा चाकाखाली लिंबूही तिनंच ठेवलं होतं.

७९६ सीसीची, तीन सिलिंडरची एवढीशी गाडी. ताई सासरी गेली ती हिच्यातून, आजीला शेवटचं दवाखान्यात नेलं तेही हिच्याच मागच्या सीटवर. तिला नुसती वस्तू म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तुमच्याही घरी अशी एखादी असेल. लिहा, चार ओळी असल्या तरी चालतील.

*

आमची फियाट. कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली, पण घरीदारी सगळे फियाटच म्हणायचे. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, त्यामुळे पुढची सीट सलग. दादर ते नाशिक मी कायम आईबाबांच्या मधे बसून गेले. बाबा "हं, आता तिसरा" म्हणायचे, मी गिअरच्या मुठीवर हात ठेवायचे आणि माझ्या हातावर त्यांचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, ती बातमी वाचून बाबांना फोन लावला. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझी जागा गेली गं."

*

आमचं गाव खेडजवळ. बाबांनी फंडाच्या पैशातून सेकंडहँड गाडी घेतली, आम्ही तिचे तिसरे मालक. गणपतीला सहा माणसं, मखराचं सामान आणि कॅरिअरवर दोन ट्रंका. एवढं ओझं घेऊन कशेडी चढताना काटा वर जायचाच. ठरलेल्या आंब्याखाली गाडी लावायची, बॉनेट उघडायचं, दोन कॅन पाणी जवळ ठेवायचं. रेडिएटरच्या झाकणाला बाबा कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. इंजिन निवेपर्यंत अर्धा तास थांबायचं आणि मग ओलं फडकं धरून ते स्वतः झाकण हळूहळू फिरवायचे, आधी फुस्स करून वाफ, मग पाणी. तोवर आई घावणे आणि चटणी काढायची. त्या अर्ध्या तासात बाबा आमच्याशी जेवढं बोलायचे तेवढं मुंबईत वर्षभरात बोलायला त्यांना सवड नसायची. शिफ्टची नोकरी होती. आता कशेडीला बोगदा झालाय. मी मात्र गेल्या वर्षी मुद्दाम जुन्या घाटानं गेलो आणि आंब्याखाली गाडी लावली. मुलानं विचारलं, "बाबा, काय झालं गाडीला?" म्हटलं, काही नाही, बस जरा.

*

माझे वडील एसटीत कंडक्टर. रिटायर झाल्यावर नॅनो घेतली. पेट्रोल भरलं की तारीख, लिटर, किलोमीटर वहीत लिहायचे, अक्षर वेबिलावरचं तसंच. ते गेल्यावर वही चाळली. एका पानावर होतं: "चि. यास इंटरव्ह्यूला सोडले. जाऊन येऊन ४१ किमी. बाहेर दोन तास थांबलो." ते थांबले होते, हे मला माहीतच नव्हतं. मला वाटलं होतं, सोडून घरी गेले असतील. गाडी मी ठेवली आहे. वहीत आता मी लिहितो.

*

धागा काढला तो मीच. रोज रात्री बाबांना वाचून दाखवतोय. आज घाटाचं दोनदा वाचायला लावलं. फियाटवाल्या ताई, बाबा विचारतायत, तुमची कितव्या सालची होती आणि रंग कोणता?