अपेंडिक्स: कापायचं की औषधांवर भागवायचं?

खडूफळा: भावाचं अपेंडिक्स मागच्या महिन्यात काढलं. रात्री बेंबीभोवती दुखत होतं, सकाळी ते उजवीकडे खाली सरकलं. नुसतं खोकला तरी कळवळायचा. सीटी स्कॅनमध्ये अपेंडिक्स सुजलेलं, पण फुटलेलं नाही, आत (घट्ट झालेल्या मळाचा) खडाही नाही. सर्जन म्हणाले, "संध्याकाळी करून टाकू." नुसत्या अँटिबायोटिकवर बरं होतं ना, असं विचारलं तर "नसत्या फंदात पडू नका" एवढंच उत्तर. भाऊ आता ठणठणीत आहे, तक्रार ऑपरेशनची नाहीच. पण पर्याय आहे हे सांगायचंसुद्धा नाही? फिनलंडच्या ‘अ‍ॅपॅक’ चाचणीत (२०१५) ५३० रुग्ण होते. त्यातल्या फक्त औषधं दिलेल्यांपैकी २७ टक्क्यांचं वर्षभरात ऑपरेशन करावं लागलं, पाच वर्षांत ३९ टक्क्यांचं. म्हणजे दहातले सहा जण पाच वर्षांनीही बिनटाक्याचे!

टाकादोरा: मी सर्जन आहे, तेव्हा शिव्या खायच्या तयारीनेच लिहितो. दहातले सहा सुटले हे तुमचं गणित, दहातले चार पुन्हा अडकले हे माझं. शिवाय त्या चाचणीत खडा असलेले, पू झालेले, फुटलेले रुग्ण मुळात घेतलेच नव्हते. आणि ऑपरेशनं बहुतेक पोट उघडून केली होती. दुर्बिणीतून केली असती तर आमची बाजू आणखी बरी दिसली असती.

जुनीवही: +१. लिओनिद रोगोझोव्ह आठवा. १९६१, अंटार्क्टिका, सोव्हिएत तळावर हा एकटाच डॉक्टर, वय २७. आधी अँटिबायोटिक घेऊन पाहिलं, उतार पडेना. शेवटी फक्त पोटाच्या भिंतीला भूल देऊन, सहकाऱ्याने धरलेल्या आरशात बघत स्वतःचं अपेंडिक्स स्वतःच काढलं. आरशात सगळं उलटं दिसतं, म्हणून बरंचसं काम हाताने चाचपूनच. औषधांनी भागत असतं तर कोण स्वतःच्या पोटात हात घालेल?

उनाड: असहमत. एका माणसावरून नियम काढायचा तर माझ्याकडे राजा आहे. ब्रिटनचा सातवा एडवर्ड, १९०२, राज्याभिषेक दोन दिवसांवर आलेला. डॉक्टरांनी पू काढला, अपेंडिक्स आत तसंच ठेवलं. पुढे आठ वर्षं जगला, तेही पेनिसिलिनचा पत्ता नसताना. रोगोझोव्हकडे सीटी स्कॅन होता का, आत खडा आहे का ते बघायला?

पाऊलवाट: मी औषधं घेतलेली आहे. तीन दिवस शिरेतून, मग आठवडाभर गोळ्या. त्यातल्या मेट्रोनिडॅझोलने तोंडात सतत नाणं चघळल्यासारखी चव. बरी झाले. पण त्यानंतर पोटात वारा फिरला तरी हात आपोआप उजवीकडे जायचा. चौदा महिन्यांनी पुन्हा तेच दुखणं, आणि या वेळी ऑपरेशन. तरी पहिला निर्णय चुकला असं वाटत नाही. तेव्हा बाळ दोन महिन्यांचं होतं. मला वर्षभराची सवड हवी होती, ती मिळाली.

जुनीवही: आणि त्या वर्षात कधी आडबाजूला असताना फुटलं असतं तर?

पाऊलवाट: ती भीती होतीच. म्हणून तर हात उजवीकडे जायचा.

टाकादोरा: ताई, हे तुम्ही नीट समजून घेतलंत. बहुतेकांना ‘बरं झालं’ आणि ‘पुढे ढकललं’ यातला फरक कळत नाही. अमेरिकेतल्या ‘कोडा’ चाचणीत (२०२०) १,५५२ रुग्ण होते, खडा असलेलेही घेतले होते. औषधं दिलेल्यांपैकी ९० दिवसांत २९ टक्क्यांचं अपेंडिक्स काढावं लागलं. खडा असलेल्यांत हेच ४१ टक्के, नसलेल्यांत २५. म्हणून खडा दिसला की मी औषधांचं नावही काढत नाही. चाळिशीच्या पुढे अपेंडिक्सभोवती पू झालेला असेल तर आणखी सावध, कारण आत गाठ लपलेली असू शकते. अशा रुग्णांवरची फिनलंडमधली एक चाचणी याच कारणाने मध्येच थांबवावी लागली.

खडूफळा: भावाला खडा नव्हता. पू नव्हता. वय २९.

टाकादोरा: मग सांगायला हवं होतं, मान्य. दोन मिनिटांचं काम होतं. पण सांगून झाल्यावर "डॉक्टर, तुमचा भाऊ असता तर?" असं विचारलं असतंत, तर मी कापा असंच म्हणालो असतो.

खडूफळा: विचारलंच असतं. आणि बहुधा ऐकलंही असतं.