कूलंट घरी बदलता येईल का?

प्रश्न: गाडी पेट्रोलची, १० वर्षं जुनी. परवा खंबाटकी घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकला. बॉनेटखालच्या बाटलीत पाहिलं तर कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) चहासारखं तांबूस झालंय. दोन वर्षं मी बोअरचंच पाणी भरत होतो. घरी बदलू का?

उत्तर १: बदला, मी अंगणात दोनदा बदललंय. मात्र इंजिन पूर्ण गार होऊ द्या, शक्यतो सकाळीच करा. गरम असताना रेडिएटरचं (कूलंट गार करणाऱ्या जाळीचं) झाकण उघडलं की दाबाखालचं उकळतं पाणी थेट अंगावर येतं. माझ्या मनगटावर अजून डाग आहे.

तांबूस रंग बहुधा गंजाचा. रेडिएटरच्या खालचा नळ सोडून जुनं काढा, डिस्टिल्ड वॉटर भरून इंजिन चालवा, गार झालं की तेही काढा. स्वच्छ पाणी येईपर्यंत हेच. बोअरच्या पाण्यातले क्षार आत थर धरतात, ते पुन्हा नको.

उत्तर २: रंगावरून कूलंट घेऊ नका, गाडीच्या पुस्तिकेतला प्रकार बघा. पाणी न मिसळलेलं (कॉन्सन्ट्रेट) कूलंट असेल तर साधारण निम्मं डिस्टिल्ड वॉटर मिसळा, तयार मिश्रणात काहीच नाही. भरल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवा, अडकलेली हवा निघते. दुसऱ्या दिवशी पातळी परत पाहा.

उत्तर १: एक राहिलं. जुनं कूलंट गटारात ओतू नका किंवा उघड्यावर ठेवू नका. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. मी झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे देतो.

प्रश्नकर्ता: रविवारी सकाळी करतो. काटा पुन्हा चढला तर थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह सोडणारी-अडवणारी झडप) तपासून घेईन.