योशिनोयामा (जपानमधला डोंगर): आईसोबत एका दिवसात साकुरा (चेरीचा बहर), सल्ला हवा

मुग्धा_प: ९ ते १२ एप्रिल ओसाकात आहोत. त्यातला एक दिवस योशिनोला. आई ६८ वर्षांची, सपाटीवर तासभर चालते, पण चढ-उतारात गुडघे दुखतात. शुद्ध शाकाहारी. प्रवास-जेवण धरून माणशी ४,००० येन. मुक्काम नको. वर कसं जावं?

गिरिभ्रमर: मुक्काम कराच. चिकुरिन-इन या मंदिराच्या निवासात राहा, बाग बघण्यासारखी आहे. सकाळी आठच्या आत डोंगर मोकळा असतो, दहानंतर मुंगीच्या पावलानं सरकावं लागतं.

शिंकान्सेन: ती मुक्काम नको म्हणतेय. मुग्धा, ओसाकाच्या आबेनोबाशीहून किन्तेत्सु या खासगी रेल्वेची थेट गाडी आहे. जेआर पास (जपान रेल्वेचा पर्यटक पास) तिथे चालत नाही. एक्स्प्रेसला साधारण दीड तास, टोक्क्यूला (अतिजलद गाडीला) सव्वा. टोक्क्यूचं जादा तिकीट वेगळं, आरक्षण महिनाभर आधी सुरू होतं. परतीचे पैसे प्रवासाच्या कार्डात सकाळीच भरून ठेव, संध्याकाळी योशिनो स्टेशनवर रांग असते.

सई_ओसाका: स्टेशनहून हंगामी बसने नाका-सेम्बोन (डोंगराचा मधला भाग), तिथून छोट्या बसने ओकु-सेम्बोन (सगळ्यात वरचा), मग चालत खाली. वाटेत हानायागुरा ही दृश्याची जागा चुकवू नका: खाली झाओ-दो मंदिराचं छप्पर आणि भोवती फुलंच फुलं.

गिरिभ्रमर: +१, चढ वाचतो. हानायागुराशिवाय योशिनो अर्धंच.

अस्थिवैद्य: गुडघ्यांना चढापेक्षा उतार जड. ओकुहून खाली येणं म्हणजे सलग काही किलोमीटर उतार, तोही मध्येमध्ये तीव्र. काकूंना हे सांगू नका. जायचंच असेल तर दोन काठ्या, बूट पुढे घट्ट बांधलेले.

हिरोसाकीप्रेमी: त्यापेक्षा उत्तर जपानमधलं हिरोसाकी! किल्ल्याचा खंदक, सपाट वाटा. एप्रिलअखेरीस जा.

शिंकान्सेन: तारखा वाचा हो. ओसाकातच सपाट हवं तर टांकसाळीतली चेरीची वाट आहे, पण ती उशिरा फुलणाऱ्या जातींची. साधारण एप्रिलच्या मध्याला आठवडाभरच उघडते.

वनस्पतीमित्र: गुलाबी ढगांची अपेक्षा ठेवू नका. शहरांत दिसते ती सोमेइ-योशिनो जातीची चेरी. सगळी कलमं, म्हणून एकदम फुलते. इथली बहुतेक यामाझाकुरा (डोंगरी चेरी): फुलं पांढुरकी, सोबत तांबूस कोवळी पालवी. झाओ गोंगेन या देवतेला अर्पण म्हणून शतकानुशतकं लावत आलेली सुमारे ३०,००० झाडं. बहर खालून वर चढतो: शिमो (खालचा भाग), नाका (मधला), कामी (वरचा), ओकु (सगळ्यात वरचा). ९-१२ला बहुधा नाका-कामी, पण उबदार वर्षी खालचा भाग मार्चअखेरीसच फुलतो. गावाच्या संकेतस्थळावर रोजची स्थिती बघा.

सई_ओसाका: जेवण: काकिनोहा-झुशीत (पानात गुंडाळलेली सुशी) मासा असतो, उदोनच्या (जाड शेवयांच्या) रश्श्यातही बहुधा माशाचा अर्क. कुझुमोची ही मिठाई चालेल, ती वेलीच्या मुळाच्या पिठाची. ओसाकातूनच उमेबोशीची (खारवलेल्या उमे फळाची) ओनिगिरी (भाताचे गोळे) घ्या, पण पाकिटावर घटक वाचून. कचऱ्यासाठी पिशवी ठेवा, टोपल्या सापडत नाहीत.

गिरिभ्रमर: रोपवे १९२९चा आहे, त्यात बसाच!

शिंकान्सेन: आधी चालू आहे का ते बघा. शिवाय तो शिमोपर्यंतच नेतो, पुढे चढ उरतोच.

मुग्धा_प: सगळ्यांचे आभार. ठरलं: साध्या एक्स्प्रेसने सकाळी लवकर, बसने नाका-सेम्बोन, योशिमिझू देवळाच्या आवारातून समोरचा डोंगर, झाओ-दो, आणि बसनेच खाली. हानायागुरा, ओकु दोन्ही नाही. मुक्कामही नाही.

गिरिभ्रमर: हानायागुरा तरी करा!