'अर्थ गेलाय' म्हणजे नक्की काय गेलं?

शेवग्याची शेंग

परवा सकाळी गाडीला चावी लावली. डॅशबोर्डवरचे दिवे लागले, रेडिओवर अभंग सुरू झाला, चावी पुढे फिरवली आणि बॉनेटखालून एकच 'टक'. पुन्हा फिरवली, पुन्हा 'टक'. गाडी बारा वर्षांची, पेट्रोल, पाऊसभर उघड्यावर उभी असते. मेकॅनिकला फोन लावला. झालेलं बोलणं जवळपास जसंच्या तसं देते:

"दादा, गाडी स्टार्ट होत नाहीये."
"सेल्फ घेतो का?"
"म्हणजे?"
"ताई, सेल्फ मारल्यावर इंजिन फिरतंय, का नुसतं टकटक करतंय?"
"एकदाच टक करतं."
"हेडलाइट लावा, मग सेल्फ मारा. लाइट बसतात का बघा."
"नाही बसत. तसेच राहतात."
"मग बॅटरी नाय. अर्थ गेला असंल. उद्या येतो."

मी पेशाने मुद्रितशोधक. दुसऱ्यांच्या वाक्यांतला गेलेला अर्थ शोधणं हेच माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे हे वाक्य ऐकून आधी हसू आलं. मग जरा राग आला, कारण मागच्याच महिन्यात हाच 'टक' झाला तेव्हा दुसऱ्या एका गॅरेजने "बॅटरी गेली" म्हणून नवी बॅटरी गळ्यात मारली होती.

तर प्रश्न असे. सेल्फ 'मारणे', 'घेणे', 'लागणे' हे एकच का? बॅटरी उतरणे, बसणे, जाणे यांत फरक आहे का? आणि हा अर्थ कुठला?

---

अनुस्वार

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. इंग्रजी 'अर्थ', म्हणजे जमीन. त्यावरून अर्थिंग. पुस्तकी मराठीत त्याला भूसंपर्कन म्हणतात. आपल्या संस्कृत 'अर्थ'शी त्याचा काही संबंध नाही, लिहिताना फक्त दोघं एकसारखे दिसतात.

सेल्फ हे सेल्फ-स्टार्टरचं तुटलेलं रूप. दोन शब्दांतला नेमका कामाचा शब्द गाळून विशेषण तेवढं ठेवायचं ही आपली जुनी खोड.

---

जुना वायरमन

अनुस्वार यांनी व्युत्पत्ती बरोबर दिली, पण गाडीत भूसंपर्कन कुठून आणायचं? गाडी चार रबरी टायरांवर उभी असते. तिचा भूशी संपर्क झालाच तर तो अपघात.

घरात अर्थ म्हणजे खरोखर जमिनीत पुरलेली पट्टी किंवा नळी. गाडीत अर्थ म्हणजे लोखंडी सांगाडा. बॅटरीच्या प्लसमधून वायरीने करंट दिव्याला, हॉर्नला, सेल्फला जातो, आणि परत यायला वेगळी वायर टाकण्याऐवजी गाडीच्या अंगातूनच मायनसकडे येतो. निम्मी वायर वाचते. म्हणून आम्ही 'बॉडी अर्थ' म्हणतो, 'बॉडीला अर्थ दे' म्हणतो. आज सगळ्या गाड्यांत मायनस बॉडीला असतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांत उलटं असायचं, प्लस बॉडीला. त्याला पॉझिटिव्ह अर्थ म्हणायचे. अशा गाडीला सवयीने बॅटरी लावली की धूर.

आता ताईंचा 'टक'. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे ते बॉडीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेलं. दोघांना जोडायला तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी असते. ती गंजली, बोल्ट ढिला झाला, की इंजिनाचा अर्थ गेला. हेडलाइटचा अर्थ बॉडीला, म्हणून ते झगझगीत. सेल्फ बसलेला इंजिनावर, म्हणून तो उपाशी. एका हेडलाइटला चार-पाच अँपिअर पुरतात, सेल्फला शंभर-दीडशेच्या घरात लागतात. गंजलेल्या पट्टीतून थोडं झिरपतं तेवढ्यात सोलेनॉइड, म्हणजे सेल्फवरचा चुंबकी स्विच, 'टक' करतो, मोटर फिरायला मात्र करंट पोचत नाही.

बॅटरीवाल्या शब्दांचं उत्तर महत्त्वाचं आहे, कारण त्यात पैसे आहेत.

उतरली: चार्ज संपला. रात्रभर दिवा राहिला, गाडी महिनाभर उभी राहिली. चार्जिंगला लावा, परत येईल.
बसली: आतून थकली. चार्ज करता, संध्याकाळी ठीक, सकाळी पुन्हा तेच.
गेली: एखादा सेल मेला. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, दर सेल साधारण २.१ व्होल्टचा. एक मेला की मीटर साडेदहाच्या आसपास येऊन अडकतो, कितीही चार्ज करा.

गिऱ्हाईक "बॅटरी गेली वाटतं" म्हणत आत आलं की समोरचा नवी बॅटरी काढतो. "उतरली वाटतं" म्हणालं की निदान मीटर तरी काढतो. तुम्ही फोनवर कोणतं क्रियापद वापरलं होतं आठवतंय का?

---

शेवग्याची शेंग

आठवतंय. "गेली" म्हणाले होते. मी, मुद्रितशोधक!

पण मग नवी बॅटरी टाकल्यावर तीन आठवडे गाडी सुरळीत कशी चालली?

---

जुना वायरमन

नव्या बॅटरीचा जोर जास्त. अर्धवट तुटलेल्या पट्टीतूनही तिने रेटून नेलं. शिवाय बॅटरी काढता-घालताना हात लागून जोड हलला असेल. लूज कॉन्टॅक्टचं हेच दुखणं आहे, हात लावला की बरा होतो आणि कुणाला तरी फुकटचं श्रेय मिळतं.

---

नागपुरी संत्रं

आमच्याकडे "गाडी चालूच नाही होऊन राहिली" एवढं म्हटलं की सगळं आलं. मेकॅनिक म्हणतो, "सेल्फ घेऊन राहिली का?" तुमचे तीन शब्द आमच्याकडेही तसेच चालतात: मारणारा माणूस, घेणारी गाडी. लागणं कुणाच्याच हातात नसतं.

---

अनुस्वार

वा. हे व्याकरणातही घालण्यासारखं आहे. मराठी ड्रायव्हरचा सगळा कारभार 'मारणे'वर चालतो. सेल्फ मारतो, किक मारतो, धक्का मारतो, हॉर्न मारतो, ब्रेक मारतो. पूर्वी हँडल मारत. जिथे यंत्राने उत्तर द्यायचं तिथे क्रियापद बदलतं: घेतं, लागतं, पकडतं, उचलतं.

---

जुना वायरमन

आणि त्या बदललेल्या क्रियापदातच आजार कळतो. "सेल्फ घेत नाही" म्हणजे इंजिन फिरतच नाही: बॅटरी, टर्मिनल, अर्थ, सोलेनॉइड, नाहीतर क्लच पूर्ण दाबलेला नाही (बऱ्याच नव्या गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही, आणि यासाठी लोक टोइंग बोलावतात). "सेल्फ घेतो पण पकडत नाही" म्हणजे इंजिन फिरतंय, फायर होत नाही: पेट्रोल नाही, ठिणगी नाही, किंवा चावीतली चिप ओळखत नाही म्हणून इमोबिलायझर अडून बसलाय. दोन्हींना मालक एकच वाक्य वापरतो, "स्टार्ट होत नाही."

'पकडत नाही' असेल तर चावी ऑन करून कान द्या. मागच्या सीटखालून दोन सेकंद 'हूंऽऽ' येतं, तो पेट्रोल पंप. आवाजच नसेल तर आधी त्याचा फ्यूज आणि रिले बघा.

अजून एक आवाज. 'टकटकटकटक' अशी सलग माळ लागली तर बहुतेक वेळा बॅटरीच उतरलेली. सोलेनॉइड ओढतो, व्होल्टेज बसतं, तो सुटतो, व्होल्टेज वर येतं, पुन्हा ओढतो. एकच ठसठशीत 'टक' असेल तर बॅटरीवर लगेच आळ घेऊ नका.

---

खोपोलीचा घाट

हँडलचा विषय निघाला म्हणून. आमच्या घरच्या अँबॅसिडरला पुढून हँडल घालायची सोय होती. अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हँडलभोवती वळवायचा नाही, हे वडिलांनी शिकवलेलं. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट जायचं. १९१२च्या कॅडिलॅक गाड्यांत विजेचा स्टार्टर आला, चार्ल्स केटरिंगचं काम ते. तेव्हापासून 'सेल्फ', म्हणजे गाडी स्वतः. आता माणसाला मारायला चावीच उरली, आणि नव्या गाड्यांत तीही नाही, नुसतं बटण. बटण मात्र आपण दाबतो. मारत नाही. का कोण जाणे.

---

अनुस्वार

मराठी प्रतिशब्दांचा मुद्दा राहिला. फ्यूजला शाळेच्या पुस्तकात वितळतार आहे आणि तो शब्द खरोखर चांगला आहे, काम सांगतो. बॅटरीला विद्युत घटमाला किंवा संचायक. सहा सेल म्हणजे सहा घट, त्यामुळे घटमाला हे शब्दशः खरं. स्पार्क प्लगला जुन्या तांत्रिक लेखनात 'ठिणगी गुडदी' असा शब्द मिळतो. गुडदी म्हणजे बूच. मला तो मनापासून आवडतो.

---

नागपुरी संत्रं

"भाऊ, गुडदी साफ करून द्या" म्हणून बघा गॅरेजात. आम्ही लांबून पाहू.

---

जुना वायरमन

घटमाला ठीक आहे, पण गडबडीत तीन अक्षरं चालतात, चार नाही. आमच्यात तर चालत्या गाडीत बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरलासुद्धा अजून डायनॅमो म्हणतात. मूळ वस्तू कधीच गेली, नाव राहिलं. उलट वितळतार लिहिलेला फ्यूज बॉक्स मी आजवर एकही पाहिला नाही. त्या आतल्या पट्ट्यांना रंग असतात, १० अँपिअरची लाल, १५ची निळी, २०ची पिवळी. हे कळलं की नाव काहीही ठेवा. फक्त १०च्या जागी २०ची घालू नका. मग पट्टी वितळायच्या आधी वायर वितळते.

ताई, मेकॅनिक यायच्या आत एक करून बघाल का? मल्टिमीटर असेल तर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीवर, लाल पिन इंजिनाच्या स्वच्छ धातूवर. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक वर, दुसऱ्या कुणाला सेल्फ मारायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा.

---

शेवग्याची शेंग

शेजारच्या इंजिनिअरिंगच्या मुलाकडून मीटर आणला. आईने सेल्फ मारला. आकडा ४.१.

आणि एक विचित्र गोष्ट. तीन-चारदा मारल्यावर क्लचच्या केबलला सहज हात लागला तर ती गरम होती. क्लचला कुणी फार वेळ पाय लावलाच नव्हता.

---

जुना वायरमन

सापडला! सेल्फ मारणं आत्ताच थांबवा. पट्टीतून वाट मिळेना म्हणून करंट क्लच केबलमधून परत जातोय. त्या केबलचं ते काम नाही, जळेल. बॅटरीकडे १२ व्होल्ट आहेत, त्यातले चार वाटेतच संपतात. सेल्फच्या हाती उरतं ते आठच्याही खाली.

---

अनुस्वार

म्हणजे अर्थ मिळेना म्हणून वाक्य भलत्याच मार्गाने गेलं. मी माझं भूसंपर्कन मागे घेतो. पण मग मराठीत म्हणायचं काय? 'परतवाट'?

---

जुना वायरमन

छान आहे, पण नको. 'अर्थ' लिहा. फक्त पुल्लिंगी ठेवा, अर्थ तुटला, अर्थ गेला. काही जण 'अर्थिंग गेलं' म्हणतात ते घरच्या बोर्डासाठी ठीक.

---

शेवग्याची शेंग

मेकॅनिक येऊन गेला. पट्टी गिअरबॉक्सच्या बाजूला होती, वरून साबूत दिसत होती. बोल्ट सोडल्यावर खालचा डोळा, म्हणजे बोल्ट जातो ती टोकाची कडी, हिरवा पडलेला आणि निम्म्या तारा तुटलेल्या. त्याने नवी पट्टी घातली, बॉडीवरची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली. पहिल्याच सेल्फला गाडी लागली. मीटर पुन्हा लावला: ०.१.

मी विचारलं, "दादा, फोनवर न बघता कसं कळलं?" तर म्हणाला, "तुम्ही लाइट बसत नाही म्हणालात ना."

बिलावर लिहिलंय, "अर्थ बदलला. १ नग." चूक काढावीशी वाटली नाही. जुनी बॅटरी मात्र त्या पहिल्या गॅरेजने बायबॅकमध्ये ठेवून घेतली होती, ती आता कुणाच्या गाडीत नीट चालत असेल.

---

जुना वायरमन

बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीस लावलं का? नसेल तर व्हॅसलीन चालेल. अजून पाऊस आहे.