वापरलेली वर्मिंट रायफल: .२२-२५० घ्यावी की .२२३? (असहमतांनी जरूर लिहावं)

गिरमिट (धागाकर्ता)

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींत हा वाद दर उन्हाळ्यात निघतो. कुरणं पोखरणारे प्रेरी डॉग, कोठाराखाली बिळं करणारे ग्राउंडहॉग, कोंबड्या पळवणारे कायोटी, या सगळ्यांना तिकडे 'वर्मिंट' म्हणतात. त्यांच्यासाठी लागते बारीक भोकाची, हलक्या आणि वेगवान गोळीची रायफल. नव्या स्वस्त रायफलीच्या पैशात वापरलेली, जाड नळीची रेमिंग्टन ७०० किंवा सॅव्हेज मिळत असेल तर डोळे झाकून नको, पण डोळे उघडून ती घ्यावी, आणि शक्यतो .२२-२५० या काडतुसाची, .२२३ ची नको. हे माझं मत.

५५ ग्रेनची (ग्रेन हे गोळी-दारूच्या वजनाचं बारीक माप) कारखान्याची गोळी .२२३ मधून सेकंदाला साधारण ३२४० फुटांनी निघते, .२२-२५० मधून ३६८० फुटांनी. दोन्ही २०० यार्डांवर झीरो केल्या, म्हणजे नेम त्या अंतराला बसवला, तर ३०० यार्डांवर पहिली सहाएक इंच खाली जाते, दुसरी साडेचार. ताशी दहा मैलांच्या आडव्या वाऱ्यात आणखी दोनेक इंचांचा फरक. उभा राहिलेला प्रेरी डॉग जेमतेम मनगटाएवढा रुंद. तिथे दोन इंच म्हणजे नेम चुकला.

बघायला जाल तेव्हा आधी बोल्ट (नळीमागचा सरकता दांडा) काढा. चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती पोकळी, रिकामं आहे हे डोळ्यांनी पाहा आणि करंगळीनेही चाचपा. मग कापसाची काडी नळीच्या तोंडाच्या आतल्या कडेवर गोल फिरवा. तंतू अडकला तर तिथे खोच आहे. तोंड नव्याने कापून घेता येतं, पण तो खर्च सौद्यातून वजा करा.

पुढे चाप. रिकाम्या रायफलीचा बोल्ट बंद करा, सेफ्टी लावा, चाप जोरात ओढून सोडा, मग सेफ्टी काढा. 'टक्' आवाज आला तर रायफल परत द्या. मग बोल्ट पाच-सहा वेळा दणकून बंद करा आणि दस्ता रबरी चटईवर आपटा. घोडा पडता कामा नये. चापाच्या स्क्रूंवरचं लाखेसारखं सील तुटलं असेल तर कोणीतरी चाप हलका करायला हात घातलाय. रेमिंग्टनच्या बाबतीत आणखी एक: एक्स-मार्क प्रो चापाच्या २००६ ते २०१४ मधल्या ७०० आणि मॉडेल सेव्हन कंपनीने २०१४ मध्ये परत बोलावल्या होत्या, कारण जुळणीत वापरलेला चिकट पदार्थ जास्त झाला होता. दुरुस्तीचा पुरावा नसेल तर नव्या चापाची किंमत कापून मगच बोला.

लाकडावरचे ओरखडे, निळा मुलामा उडालेला, याकडे ढुंकूनही पाहू नका. त्यानेच भाव पडतो, आणि तो आपल्या फायद्याचा.

---

काटेकोर

गिरमिटराव, चापाचं सगळं मान्य. पण जी वस्तू सगळ्यात आधी बघायची ती तुम्ही बघितलीच नाहीत, आणि सल्ला नेमका अशा काडतुसाचा दिलात जे ती वस्तू खातं.

ती वस्तू म्हणजे थ्रोट. चेंबरच्या पुढे, नळीच्या आतले पिळदार आटे जिथे सुरू होतात तो घसा. .२२३ मध्ये २५-२७ ग्रेन दारू जळते, .२२-२५० मध्ये ३५-३७. भोक मात्र तेवढंच, .२२४ इंचाचं. म्हणजे दीडपट जाळ त्याच घशातून. त्यात प्रेरी डॉगच्या वसाहतीवर माणूस थांबत नाही, तासाभरात शंभर फैरी होतात. नळी हाताला चटका देईपर्यंत तापली की घसा लवकर भेगाळतो. .२२३ ची नळी पाच हजार फैरी सहज देते. .२२-२५० तशी वापरली तर दीड-दोन हजारांत बोंब. वर्मिंट रायफल 'कमी वापरलेली' असं सांगून विकली जाते तेव्हा मनात म्हणायचं: जाड नळी माणूस भिंतीवर टांगायला घेत नाही.

पन्नासेक डॉलरांचा बोअरस्कोप (नळीत जाणारा बारीक कॅमेरा) फोनला जोडून आत घाला. आट्यांची सुरुवात वाळलेल्या तळ्याच्या चिखलासारखी दिसली तर जाळ लागलाय. थोड्या भेगा चालतात. पण भेगांच्या कडा उचलल्या गेल्यात आणि आट्यांच्या धारा गोल झाल्यात, तर ती नळी संपली. विकणारा बोअरस्कोप घालू देत नसेल तर तेच उत्तर समजा.

नवी नळी बसवून घ्यायला सहाशे-आठशे डॉलर सहज जातात. मग स्वस्त काय पडलं?

---

शेतावरचा

काटेकोर यांना अनुमोदन, शिवाय पिळाचा, म्हणजे आटे किती इंचांत एक वेढा घेतात याचा, मुद्दा राहिलाच. पहिली रायफल घेणारा इथेच फसतो.

जुन्या .२२-२५० चा पीळ १४ इंचांत एक वेढा. जुन्या ७०० च्या .२२३ चा बहुतेक १२ इंचांत एक. १४ चा पीळ ५५ ग्रेनपर्यंतच्या शिशाच्या गाभ्याच्या गोळ्या सांभाळतो. त्याहून लांब गोळी घातली की ती हवेत लोळते आणि कागदावर आडवी उमटते, चावीच्या भोकासारखी.

लक्षात ठेवा, पिळाचं नातं गोळीच्या लांबीशी आहे, वजनाशी नाही. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी जास्त लांब. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कुठलाही वन्य प्राणी मारायला शिशाची गोळी चालत नाही, जमिनीतल्या खारीलाही नाही. तिथल्या माणसाने १४ च्या पिळाची रायफल उचलली तर त्याला ३५-३६ ग्रेनच्या शिसेविरहित गोळ्यांवर भागवावं लागेल, आणि त्या ३०० यार्डांवर वाऱ्याने वाहून जातात. म्हणजे ज्या सपाट मार्गासाठी .२२-२५० घेतली तोच गेला.

पीळ कंपनीच्या पत्रकावरून ठरवू नका, मोजा. फिरत्या मुठीच्या सळईला घट्ट चिंधी लावून नळीत घाला, तोंडाशी सळईवर पेनने खूण करा, वरच्या बाजूला दुसरी. सळई ओढत जा. वरची खूण एक पूर्ण फेरा मारून पुन्हा वर आली की थांबा. तेवढ्यात सळई जितकी सरकली तो पीळ. चिंधी सैल असली तर ती आट्यांवरून घसरते आणि पीळ आहे त्याहून मंद दिसतो, म्हणून तीनदा मोजा.

---

गिरमिट

पीळ आणि तांब्याचा मुद्दा बिनशर्त मान्य. कॅलिफोर्नियाकरांनी माझा सल्ला विसरावा.

थ्रोटबाबत अर्धवट मान्य. बोअरस्कोपमध्ये प्रत्येक नळी भयाण दिसते. शंभर फैरींनंतरही भेगा दिसतात आणि नवशिका पळून जातो. त्यापेक्षा मोजमाप घ्या. बोल्ट बंद करून तोंडाकडून सपाट टोकाची सळई बोल्टला टेकेपर्यंत घाला, तोंडापाशी खूण करा. मग बोल्ट काढा, एक सुटी गोळी चेंबरमध्ये टाकून पेन्सिलीने हलकेच आट्यांना टेकवून धरा, पुन्हा सळई घालून खूण करा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे ती गोळी आट्यांना टेकेल एवढी काडतुसाची लांबी. .२२३ च्या काडतुसाची कमाल लांबी २.२६० इंच. हे अंतर त्याच्या किती पुढे गेलंय ते बघा, म्हणजे घसा किती सरकला ते कळेल.

आणि सॅव्हेज असेल तर नळीचा बाऊच नको. तिची नळी नटाने आवळलेली असते. नटाचा पाना, नळीचा शिकंजा आणि हेडस्पेस (बोल्टपासून चेंबरपर्यंत काडतुसाला मिळणारी जागा) मोजायचे दोन गेज असले की तयार नळी गॅरेजमध्ये बसते.

---

काटेकोर

मोजमाप चांगलं, पण त्याने रेमिंग्टन फसवते. कारखान्यातूनच तिचा घसा लांब कापलेला असतो. कोऱ्या .२२३ मध्येही ५५ ग्रेनची गोळी कमाल लांबीच्या बरंच पुढे जाऊनच आट्यांना टेकते. मूळ आकडा ठाऊक नसताना एकदा मोजून काही सिद्ध होत नाही. ते माप घेतल्या दिवशी वहीत लिहून ठेवायला, पुढच्या झिजेचा हिशोब ठेवायला उत्तम.

सॅव्हेजच्या नळीबद्दल: 'दोन गेज' एवढ्यावर सोडू नका. बोल्टमधला इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारी कळ) काढून बोटाच्या जोराने बंद करायचा. 'गो' वर बंद झालाच पाहिजे, 'नो-गो' वर होता कामा नये. हीच तपासणी वापरलेल्या रायफलीलाही. आणि ती सगळ्यात लांब, 'फील्ड' गेजवरही बंद होत असेल तर एकही फैर न झाडता गनस्मिथकडे. गेज हाताशी नसतील तर विकणाऱ्याकडे त्याच रायफलीतून उडालेल्या पुंगळ्या मागा. बुडाच्या जरा वर चकचकीत वळं दिसलं की पुंगळी तिथे ताणली जातेय.

---

नियमावली

रायफल कुठली ते नंतर. घेणारा कोण, हे इथे कोणीच विचारलं नाही.

एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या माणसाला अमेरिकन संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मनाई आहे. नेहमीचा अपवाद म्हणजे कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना. 'बाळगणे' म्हणजे नुसती मालकी नव्हे, ताबा. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. दुकानात ४४७३ क्रमांकाच्या फॉर्मवर याचे प्रश्न असतात आणि तिथे खोटं लिहिणं हा वेगळा गुन्हा.

खाजगी विक्री एकाच राज्यातल्या दोघांत असेल तर संघीय कायदा पार्श्वभूमी तपासणी मागत नाही. पण कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन अशी राज्यं मागतात. विकणारा दुसऱ्या राज्यातला असेल तर रायफल परवानाधारक दुकानातूनच हस्तांतरित होते. शिवाय गावाच्या हद्दीत गोळी झाडायला बहुतेक ठिकाणी स्थानिक बंदी असते. परसातल्या ग्राउंडहॉगसाठी पिंजरा लावा.

---

पाणीपुरी_डेन्व्हर

वर नियमावली यांनी लिहिलंय ते पहिल्या प्रतिसादात हवं होतं.

आता घेतल्यानंतरचं, कारण निम्म्या 'वाईट' जुन्या रायफली जुळणीत बिघडलेल्या असतात. आधी जुना स्कोप (नेमाची दुर्बीण), त्याला धरणाऱ्या रिंगा आणि त्यांखालचा बेस सगळं उतरवा. ७०० ला बेसचा सगळ्यात पुढचा स्क्रू लांब पडला तर तो बोल्टच्या लगला (बोल्ट जागी अडकवणाऱ्या दाताला) घासतो. बेस बसवल्यावर बोल्ट अडायला लागला तर कारण हेच. स्क्रू खोलून तेल पुसा, निळं लॉकटाइट (स्क्रूचा गोंद) लावा, बेस २० इंच-पौंडांच्या (आवळण्याच्या जोराचं माप) आसपास आवळा. रिंगांच्या टोप्या १५ ते १८, आलटूनपालटून, लॉकटाइटविना. इथे जोर केला की स्कोपची नळी चिमटते, आणि मग झूम बदलताना नेम सरकतो. दस्त्याचे स्क्रू: आत ॲल्युमिनियमचा ठोकळा असेल तर ६५, लाकूड असेल तर ४० च्या आसपास. लाकडाला ६५ दिलंत तर ते दबतं आणि महिन्याभरात स्क्रू पुन्हा सैल.

स्कोपच्या उभ्या रेषेसाठी पन्नास यार्डांवर ओळंबा टांगा. मग बोल्ट काढून, नळीतून बघत, २५ यार्डांवरचा ठिपका मध्यात आणा, रायफल न हलवता स्कोपची फुली त्याच ठिपक्यावर. कागदावर गोळी लागायला एवढं पुरतं. मग १०० यार्ड, तीन-तीन फैरी, प्रत्येक तीनांनंतर नळी गार. .२२३ ला १०० यार्डांवर दीडेक इंच वर ठेवलं की २०० चा झीरो जवळपास बसतो. शेवटी २०० वर जाऊन खात्री करा.

नळी दस्त्यापासून सुटी हवी. डॉलरची नोट दुहेरी घडी करून खालून सरकवा. अडली तर तिथे तासा.

---

शेतावरचा

शेवटच्या वाक्याला सक्त विरोध! जुन्या ७०० बीडीएल या प्रकाराच्या लाकडी दस्त्याच्या टोकाशी मुद्दाम उंचवटा ठेवलेला असतो, पातळ नळीला टेकू म्हणून. नोट अडली म्हणून कानस घेऊन बसलात तर परतीची वाट नाही. आधी व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा कापा, पुढच्या स्क्रूसाठी भोक पाडा, रिसीव्हरच्या (बोल्ट बसतो त्या खोक्याच्या) पुढच्या भागाखाली ठेवून पुन्हा आवळा. नळी तेवढी उचलली जाते आणि टेकू सुटतो. असे दहा फैरींचे दोन गट मारा, कार्ड काढून पुन्हा दोन. कार्डासह गट लहान आला तरच तासा.

---

पाणीपुरी_डेन्व्हर

बरोबर, मी जाड नळी गृहीत धरली होती. पातळ नळीला तुमची पद्धत.

---

गिरमिट

.२२-२५० चा आग्रह मी अजून सोडत नाही, पण अटी वाढल्या. शिशाची गोळी चालणारं राज्य, नळी गार ठेवायचा संयम, आणि सॅव्हेजसारखी सहज बदलता येणारी नळी. यांतली एक जरी नसेल तर काटेकोर म्हणतात ती .२२३, ९ किंवा ८ च्या पिळाची. आणि गट वाईट आला म्हणून विकायच्या आधी गोळ्यांच्या वेष्टनाचं नळीत साठलेलं तांबं साफ करा. बऱ्याच नळ्या नुसत्या मळलेल्या असतात. अमोनियाचं द्रावण, चेंबरकडून, बोअर गाइड (सळई सरळ ठेवणारी नळी) लावून, चिंधी निळी येईनाशी होईपर्यंत.

---

काटेकोर

पितळी जॅगवर (सळईच्या टोकाला चिंधी धरणारा तुकडा) चिंधी लावाल तर ती आयुष्यभर निळीच येईल, कारण द्रावण जॅगचंच तांबं विरघळवतं. जॅग निकेलचा मुलामा दिलेला किंवा नायलॉनचा घ्या. साफ केल्यावर पहिल्या पाच फैरी मोजू नका. आटे पुन्हा थोडे मळेपर्यंत त्या इकडेतिकडे जातात.