उत्तर: वेगाच्या टॅक्सी चाचण्या आणि जमिनीचा परिणाम

'घरी बांधलेल्या विमानाच्या पहिल्या उड्डाणाआधी धावपट्टीवर जवळजवळ उड्डाणाच्या वेगाने भरपूर फेऱ्या मारा, मग ताबा सुटणार नाही' हे इथल्या चर्चेत आलेलं मत मला धोक्याचं वाटतं. ब्रेक आणि सुकाणू तपासायला मंद फेऱ्या पुरतात. वेग वाढवला की हलकं विमान वैमानिकाच्या मनात नसतानाच वर येतं. तो घाबरून पॉवर काढतो आणि विमान आपटतं, नाहीतर नाक वर ओढून बसतो. कोणतीही जोरदार फेरी करताना उडायची पूर्ण तयारी असलीच पाहिजे.

चर्चेत न आलेला मुद्दा जमिनीलगतच्या हवेचा. पंखांच्या टोकापासून टोकापर्यंतच्या लांबीपेक्षा कमी उंचीवर प्रेरित अवरोध (पंख उचल देताना तयार होणारा हवेचा विरोध) घटतो, म्हणून विमान अशा वेगाला उचलतं ज्या वेगाला ते पुढे चढू शकत नाही. थोडं वर गेलं की अवरोध परत वाढतो, वेग पडतो, आणि वैमानिक नेमकं तेव्हाच नाक वर करायला नियंत्रणाची काठी आणखी मागे ओढतो. पूर्ण पॉवरवर प्रोपेलरचा नाक एका बाजूला वळवणारा ओढाही तेव्हाच सर्वाधिक, त्यामुळे रडर (शेपटीचं उभं सुकाणू) कमी पडलं तर स्टॉलसोबत, म्हणजे पंखांची उचल एकदम तुटताना, एक पंख खाली जातो. त्यात नव्या विमानाचा वेगमापक अजून तपासलेला नसतो! म्हणून उचलल्यावर नाक खाली ठेवून जमिनीलगतच वेग साठू द्यावा.

आणि दोष फक्त बांधणाऱ्याला देऊ नका. अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात तपासणाऱ्या संस्थेच्या 2012च्या अभ्यासात, घरी बांधलेल्या विमानांच्या 2011मध्ये तपासलेल्या अपघातांतली निम्म्याहून जास्त विमानं वापरलेली विकत घेतलेली होती.