१२ बाय १०च्या खोलीत अकूस्टिक (आवाज शोषणारे) पॅनल नेमके कुठे लावायचे?

कानसेन_जुळेसोलापूर
खोली १२ × १० फूट, उंचीही १०. खाली शहाबादी, वर स्लॅब, डाव्या भिंतीत काचेची खिडकी, मधोमध पंखा. बुकशेल्फ स्पीकर १० फुटी भिंतीपाशी, सोफा समोरच्या भिंतीला टेकून. डग्गा घुमतो आणि गायकाचे शब्द पुसट येतात. अंड्याच्या ट्रेसारखा इंचभर फोम चारी भिंतींना लावला तर भागेल? आणि पॅनलवर आपली सोलापुरी चादर ताणली तर चालेल का?

डग्गा५६
फोम राहू द्या. इंचभर फोम फक्त वरचे स्वर खातो. डग्गा होता तसाच घुमतो आणि खोली मुकी वाटते. शिवाय मे महिन्यात तापलेल्या भिंतीवरून डिंकासकट सुटून पडतो.

आधी सोफा पुढे ओढा, फुकटचं काम आहे. मागच्या भिंतीशी बास साचतो. कान त्या भिंतीपासून साडेचार फुटांवर ठेवून बघा. अगदी मधोमध, ६ फुटांवर मात्र नको, तिथे ४७ हर्ट्झच्या आसपासचा स्वर गायब होतो. स्पीकर पुढच्या भिंतीपासून अडीच फूट, बाजूच्या भिंतींपासूनही अडीच.

मग आरसा घ्या. तुम्ही जागेवर बसा, दुसऱ्याला कानाच्या उंचीवर भिंतीलगत आरसा सरकवायला सांगा. ट्वीटर (स्पीकरमधला वरच्या स्वरांचा छोटा भाग) दिसला की पेन्सिलीने खूण. तिथेच आवाज भिंतीवर आपटून कानाशी येतो. एका भिंतीवर दोन खुणा पडतील, पुढच्या भिंतीपासून साधारण सव्वाचार आणि साडेपाच फुटांवर. ४ × २ फुटांचं पॅनल आडवं लावलं की दोन्ही झाकल्या जातात. खिडकी तिथेच आली तर पॅनल स्टँडवर उभं करा, पण दोन्ही बाजूंना सारखंच हवं. नाहीतर गायक एका कडेला सरकतो.

लोकर_नाही_रॉकवूल
पॅनलमध्ये घनमीटरला ४८ किलो घनतेचं रॉकवूल (दगडापासूनची लोकर), ५० मिमीचे दोन थर, म्हणजे ४ इंच. मागे तेवढीच पोकळी सोडा. हवा खेळल्याने पावसाळ्यात भिंतीची ओलही लागत नाही. फ्रेमला मागून प्लायवूड ठोकू नका, पोकळी वाया जाते. मागेही कापडच. कापताना मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्या.

चादरीचं म्हणाल तर तोंडाला लावून फुंका. श्वास सहज पलीकडे गेला तर चालेल. घट्ट विणीची असेल तर वरचे स्वर तिच्यावरूनच उलटतात. साधं सुती मांजरपाट बरं. सोलापुरात सेकंडचे (किरकोळ दोषाचे) टेरी टॉवेल मिळाले तर रॉकवूलऐवजी तेही चालतात, सैलसर घड्या रचून. दाबून ठासले तर काम बिघडतं. वजन बरंच होतं, तेव्हा खिळ्यावर नाही, ब्रॅकेटवर. आणि कापूस पेटतो, म्हणून ॲम्प्लिफायरपासून लांब.

कानसेन_जुळेसोलापूर
छतालाही लावायचं ना? आणि एकूण किती?

डग्गा५६
छतावरची खूण पुढच्या भिंतीपासून ५ फुटांवर येते, म्हणजे थेट पंख्याच्या पात्यांवर. तिथे ४ इंचांचं पॅनल अडकवलं तर पंख्याला वरून हवा मिळणार नाही, आणि सोलापुरात पंखा काढा असं कोण सांगणार! छत सोडा. स्पीकर आणि सोफा यांच्यामध्ये जाड गालिचा टाका, शहाबादीचा कडकपणा कमी होतो.

एकूण आठ पॅनल: बाजूंना एकेक, मागच्या भिंतीवर दोन, उरलेली चार स्पीकरमागच्या दोन कोपऱ्यांत तिरकी उभी, जमिनीपासून छताच्या दिशेने दोन-दोन.

एवढं करूनही ५६ हर्ट्झचा घुमारा थोडा राहील. रुंदी आणि उंची सारखीच असल्याने दोन मोड, म्हणजे खोलीचे स्वतःचे घुमारे, एकमेकांवर बसतात, आणि ४ इंच जाडी तिथे तोकडी पडते. रूम ईक्यू विझार्ड हे खोलीतला आवाज मोजायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मायक्रोफोन कानाच्या जागी ठेवून मोजा आणि आलेखातला उंचवटा इक्वलायझरने खाली आणा. खड्डा भरायला जाऊ नका, ॲम्प्लिफायर दमतो आणि खड्डा तिथेच राहतो.